गिरणेला थंडी वाजते

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला मनातल्या मनात शून्य मार्क देत आले आहे. मी धुळ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमचं बौद्ध कुटुंब, गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठावर. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. अंगात येणं, बाहेरचं लागणं — असलं काही माझ्या वडिलांनी, आबांनी, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अक्का आजारी पडली तेव्हा शेजारणीने भगत आणला होता. आबांनी त्याला अंगणातूनच परत पाठवला. माझ्यावर आबांचे इतके उपकार आहेत की हे लिहिताना हात अडतो. तरी लिहिते.

अक्का माझी मोठी बहीण. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या एका दवाखान्यात झालं. सिझेरियन. मुलगी मेलेलीच जन्मली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. मी तेव्हा जळगावला हॉस्टेलवर होते. त्यानंतर अक्का हळूहळू विझतच गेली. सासरच्यांनी वरणगावहून आणून सोडली, ती कायमचीच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले... फरक नाही.

शेवटी मी तिला धुळ्याला माझ्याकडे आणलं. इथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी केटामाइनबद्दल सांगितलं. मूळचं हे भूल देण्याचं औषध. ते अगदी कमी प्रमाणात सलाइनमधून हळूहळू देतात. डोळ्यांवर पट्टी, शेजारी भूलतज्ज्ञ, बीपीचं मशीन. पेशंट पूर्ण भानावर आला की मॅडम त्याच्याशी बोलत बसतात — काय दिसलं, काय आठवलं. असं सहा वेळा करायचं ठरलं.

दुसऱ्या वेळेनंतर दोन-तीन दिवसांनी अक्काने जेवताना ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "सुनी, हाई भरीत शे का वांगानी मयत?"

मी हसता हसता रडले. किती वर्षांनी तिने मला टोमणा मारला होता!

तिसऱ्या वेळी मॅडमनी मला शेजारी बसू दिलं. अक्का शांत पडली होती. मधेच तिचा हात पलंगावर हलायला लागला — थोपटल्यासारखा. आणि ती स्पष्ट बोलली, "गिरणाले थंडी वाजी ऱ्हायनी. तिले काही पांघराले द्या ना..." पुन्हा पुन्हा तेच. भानावर आल्यावर तिला काहीच आठवत नव्हतं. चहा मागितला.

मॅडम म्हणाल्या, लहानपणची नदी असेल, असं येतं वर. मलाही पटलं. आमच्याकडे गिरणा म्हटलं की नदीच, दुसरं काय?

संध्याकाळी मी आबांना फोन केला. गमतीनेच सांगितलं, "आबा, अक्का म्हणे गिरणेला थंडी वाजतेय. आता नदीला गोधडी शिवा तुम्ही!"

आबांनी लगेच विचारलं, "आखो काय बोलनी?"

"आणखी काही नाही."

"नक्की?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आबा माझ्या दारात. अक्का आंघोळीला गेली होती. पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला.

"ती सुई बंद कर."

"आबा, ती हसायला लागलीय! भरताला नावं ठेवते माझ्या!"

"सुनी... ती गिरणा म्हणजे नदी नही."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी मेलेली जन्मली नव्हती. दिवस बुडेपर्यंत जगली. जगणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्का दुपारीच शुद्धीवर आली होती, पण आबांनी तिला दाखवली नाही. "तोंड दखी लेती, ते तिना जीव आडकी जाता," ते म्हणाले. बाळ आबांच्याच मांडीवर गेलं. ते एकटे तिला नदीकाठी घेऊन गेले. त्रिसरण म्हटलं. बिनानावाची कशी पुरायची, म्हणून नाव ठेवलं — गिरणा. "दुसरं नावच उनं नही मन्हा तोंडे." थंडीचे दिवस होते, आणि अंगावर दवाखान्याचं एक पातळ फडकं. तेवढंच त्यांना आजवर सलत होतं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"नाव? कोनलेच नही. तुना आईलेबी नही."

मी म्हटलं, आबा, तिला सांगा. मॅडमसमोर सांगा. ते मान हलवत राहिले. "मन्हा तोंडवर थुकी ती."

तेवढ्यात ओले केस पुसत अक्का बाहेर आली. आबा उठले, आणि ज्यांनी भगताला अंगणातून हाकललं होतं ते माझे आबा तिला म्हणाले, "चाल पोरी घर. त्या सुईमा भाईरनं काहीतरी शे."

अक्काने आबांचा शब्द कधी मोडलेला नाही. तिने पिशवी भरली. उपचाराच्या तीन वेळा अजून राहिल्या होत्या.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सिझेरियनला बहुधा हेच औषध दिलं असेल. गुंगीत बाळाचं रडणं ऐकू आलं असेल, ते आत राहिलं असेल. हे मला पटतं. पण नाव नदीकाठी ठेवलं. तेव्हा अक्का दवाखान्यात होती आणि काठावर आबांशिवाय कोणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ते काही असो, पण उपचार थांबवू नका."

उपचार थांबले. मी दर रविवारी आबांना फोनवर 'अक्काला सांगितलं का' एवढंच विचारते, आणि ते फोन आईकडे देतात.

मे महिन्यात घरी गेले होते. पत्रा तापून घरात बसवत नव्हतं. अक्का परत भिंतीकडे तोंड करून, आणि तिच्या कुशीजवळ गोधडी — लहानशी घडी घातलेली.

"अक्का, एवढ्या उन्हात ही कशाला?" मी उचलायला गेले. तिने वर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे."

"कोणाची आहे?"

"माहीत नही."

दारात बसलेले आबा उठून बाहेर निघून गेले. गोधडी कोणाची, हे मला आणि आबांना माहीत होतं. अक्काच्या तोंडी ते नाव कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही.