मामांचा राहिलेला ग्रंथ

चांगुणाबाई माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. ईट गावच्या बुद्धविहारात वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ग्रंथ वाचायचा तो त्यांनीच. सासरे व्यंकटमामा यांना अक्षरओळख नव्हती. ते अगदी पुढं बसायचे. पान संपलं की ह्या थांबून विचारायच्या, "कळलं का?" मामा म्हणायचे, "व्हय." मग पुढचं पान. बाया पदराआड हसायच्या, पण ह्या दोघांना त्याचं काही नाही.

गेल्या वर्षी ग्रंथ निम्म्यावर आला आणि मामा गेले. मागोमाग शुगरनं आत्यांचे डोळे मंदावले, छापील ओळ दिसंना. "त्यांचा राहिलेला ग्रंथ वाचल्याबिगर मी डोळं मिटत न्हाय," एवढंच धरून बसल्या.

माझ्या नवऱ्याचं, प्रसेनजितचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्यानं पुस्तकं वाचायचा एक जुना टॅब आणला, त्यात ग्रंथ घातला. पण अक्षर मोठं केलं की जोडाक्षरं फुटायची. "ह्यात काय वाचू, माझं कपाळ?" आत्या म्हणाल्या. मग त्यानं कंपनीची सिस्टिम काढून मराठी नीट दाखवणारी दुसरी बसवायला घेतली. वाचन उद्यावर आलेलं.

दुपारी टॅबवर नवी सिस्टिम किती बसली ते दाखवणारी पट्टी सरकत होती. ती भरेस्तोवर हात लावायचा नाही, असं मला बजावून तो जेवायला बसला. मी भाकरी वाढते तोवर आत्या तिथं गेल्या. वाचत नसलं तर ग्रंथ उघडा ठेवू नये, ही त्यांची जन्माची शिस्त. बटण दाबून धरलं, टॅब बंद केला, पांढऱ्या रुमालात गुंडाळून हात जोडले.

सिस्टिम अर्धीच बसलेली. टॅब पुन्हा चालूच होईना.

"आत्या, अहो काय केलंत हे!" मी ओरडलेच. माझी जीभ आधी सुटते, डोकं मागनं येतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्या त्यांचं वाचन बुडवलं गं," म्हणाल्या.

प्रसेनजितनं ताट सरकवलं. टॅबची पाठ उघडली, कॉम्प्युटरला वायर जोडली, पट्टी पुन्हा पहिल्यापासून. अडकली. परत लावली, परत अडकली. आत्या उंबऱ्याशी हात पदरात गुंडाळून बसल्या, चुकून लागायला नको म्हणून. दिवस कलताना एकदाची पट्टी भरली. अक्षरं ठसठशीत, जोडाक्षरं धड.

दुसऱ्या दिवशी विहारात आत्यांनी मामांचं राहिलं होतं तिथूनच सुरू केलं. वाचन कुठं अडलं नाही. पान संपलं. सवयीनं मान वर झाली.

"कळलं का?"

समोरची जागा मोकळी. आज कुणी हसलं नाही.

प्रसेनजित मागनं उठला, त्या जागेवर जाऊन बसला. "व्हय," म्हणाला. "वाच आई, पुढचं."