कुलरच्या पोटातल्या गोळ्या

यंदा आमच्या कुलरने सलग सतरा दिवस रक्त पातळ करायची गोळी घेतली. मूळ पेशंट मी.

दिवाळीनंतर माझ्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. डॉक्टरांनी नाश्त्यानंतर रोज घ्यायची एक गोळी दिली आणि बजावलं, की ती चुकली तर रक्तातल्या पेशी स्टेंटवर चिकटून गुठळी होईल, आणि मग माझ्याकडे यायला तुम्ही उरणार नाही. त्या दिवसापासून माझी बायको सुलभा रोज नाश्ता झाला, की एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी राहते. (लग्नात हार घेऊन उभी होती, तेव्हाही तिचा चेहरा इतका गंभीर नव्हता.)

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मला वामनराव लाभले! मनीषनगरच्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांत आम्हा स्टेंटवाल्यांचा एक कंपू आहे. वामनरावांना दोन स्टेंट, म्हणून ते पुढारी. आमच्याकडे ज्येष्ठता वयावर ठरत नाही.

फेब्रुवारीत एकदा दाढी करताना हनुवटी कापली. रक्त थांबेना. हनुवटीवर वर्तमानपत्राचे चार तुकडे चिकटवून मी बागेबाहेरच्या पोह्यांच्या गाडीवर पोचलो. वामनरावांनी स्वतःच्या पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री ओतून घेत निदान केलं, "तुह्या रक्ताचं पाणी झालं गा. बंद कर ते गोळी. लसूण चाव."

बोटभर तेलाच्या तर्रीत चमचा बुडवून एक माणूस हृदयावर प्रवचन देत होता, आणि मी मान डोलवत होतो. माझ्या अकलेची उंची एवढीच.

पण सुलभाला चुकवायचं कसं? मी गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं, ऊन बघायच्या निमित्ताने खिडकीशी जायचं आणि हिवाळ्यापासून चादरीखाली झोपलेल्या कुलरच्या जाळीतून ती आत सोडायची. टाकी कोरडी, आवाज बारीक. एखाद्या मुरलेल्या चोरालाही असं कपाट सापडलं नसेल! लसणाचा वास मात्र लपेना. तिने विचारलं, तेव्हा मी तर्रीवर ढकललं. तिने पोहे बंद केले. म्हणजे गोळी गेली, पोहेही गेले, आणि लसूण तेवढा उरला.

नागपूरचा माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण मार्चमध्ये कुलर काढायचं विसरत नाही. मी विसरलो. बाजूच्या जाळ्यांतलं जुनं गवत बदलायला सुलभाने कुलर उघडला आणि मला शांतपणे हाक मारली. टाकीच्या तळाशी गुलाबी गोळ्या पसरल्या होत्या.

"हे काय होय?"

"उंदरांसाठी टाकलं असेल कोणीतरी."

"उंदरायले अटॅक आलता काय?"

ती स्टुलावर बसली. गोळ्या ओंजळीत घेऊन तिने एकेक मोजली. सतरा.

"रोज पाणी घेऊन उभी राहत होती मी. मले वाटे, आजचा दिवस निघाला. अन् तुम्ही कुलरचं औषधपाणी करून राहिले होते."

हसण्यासारखंच वाक्य होतं. पण ते म्हणता म्हणता तिने कपाटातून माझी दवाखान्याची फाइल काढली, आणि तेव्हा कुठे मला माझ्या छातीत काय बसवलंय ते आठवलं.

अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात. ईसीजीची पट्टी निघाली, हृदयाची सोनोग्राफी झाली. स्टेंट बंद पडल्याची कुठलीच खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, हे नशीब आहे, यात तुमची हुशारी शोधू नका. रक्त थांबायला वेळ लागणं हा गोळीचा गुणच, कापलं तर दाबून धरा, फारच वाहिलं तर मला फोन करा, पण गोळी बंद करायची की नाही ते मी ठरवणार. सुलभाने तिथेच त्यांच्यासमोर मला गोळी दिली आणि तोंड उघडायला लावून जिभेखालीही बघितलं. दाराबाहेरच्या रांगेतले पेशंट कौतुकाने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी वामनरावांना जाब विचारायला तरातरा गाडीवर गेलो. वामनरावांनी पोहे संपवले, खिशातून तीच गुलाबी गोळी काढली आणि पाण्यासोबत गिळली.

"तुम्ही घेता?" मी विचारलं.

"मंग? मले मरायचं आहे काय? मी तं फक्त सांगून राहिलो होतो गा."

म्हणजे वामनराव गोळी घेत होते. आमचा कुलर गोळी घेत होता. अख्ख्या मनीषनगरात गोळी न घेणारा शहाणा मी एकटाच!