जयवंतीच्या हाताचा लेख

चिंचणीहून सकाळची एस्टी बोईसरला आली की कंडक्टर आधी जयवंतीची मासळीची पाटी उतरवून घ्यायचा. पाटीचा वास त्याला सोसायचा, जयवंतीच्या तोंडाचा पट्टा नाही.

तिची विकायची एक रीत होती. भाव सांगण्याआधी ती अंगठ्याने पापलेटाचा कल्ला उघडायची आणि गिऱ्हाइकाचं बोट धरून आत टेकवायची. "ताजं हाय का ते डोल्यानं काय कलतं? हात लाव." तारापूरच्या अणुकेंद्राच्या कामावर तेव्हा घाटावरची माणसं आली होती. त्यांच्या बायकांना समुद्राची मासळी नवी. साताऱ्याकडच्या इंदुबाई तर पहिल्या दिवशी बोंबील बघून "अगं बाई, ही कसली अळी?" म्हणाल्या होत्या. जयवंतीने हात धरून त्यांना एकेक मासा शिकवला.

सहासष्ट साली मासळी निवडताना तिच्या तळव्यात शिंगाळ्या माशाचा काटा घुसला. हात सुजला, पू झाला. बाजारात नवीनच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनी चीर देऊन पट्टी बांधली. आठ दिवसांत बाई पुन्हा पाटीवर.

पण डॉक्टरांचं नाव व्हायचं होतं. डॉक्टराने जाहिरात करायची नाही असा नियम आहे. लेखाला कोण अडवतो? मी तेव्हा पालघरच्या एका साप्ताहिकाचा बोईसरचा बातमीदार होतो, म्हणजे मॅट्रिक होतो आणि मला जड शब्द येत होते. डॉक्टरांनी चहा आणि खारी पुढे सरकवली.

"शिंगाळ्याच्या काट्यावर कोण येणार माझ्याकडे? जरा भारदस्त लिहा. आणि नावगाव घाला, खरं वाटतं."

मी खारी खाल्ली आणि लिहिलं. 'आरोग्य आणि आपण' या मथळ्याखाली काटा नाहीसा झाला आणि त्या जागी सात वर्षांचा दुर्धर चर्मरोग आला. 'चिंचणीच्या श्रीमती जयवंती या कोळी भगिनी आज त्याच हातांनी मासळी विकत आहेत,' हे शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. खाली सही 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

न्हाव्याच्या दुकानात लेखाचं मोठ्याने वाचन झालं. दुसऱ्या दिवसापासून बायका जयवंतीच्या पाटीपाशी थांबायच्या, तिच्या तळव्याकडे बघायच्या आणि शेजारच्या सोमीच्या पाटीकडे वळायच्या. जयवंतीला वाचता येत नव्हतं. चार दिवस पाटी भरलेली परत गेली. पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली.

"ए पेपरवाल्या, सोमी म्हणते माज्यावर कायतरी छापलंय. काय छापलंय?"

मी सांगितलं. कोणी लिहिलं तेही सांगितलं. तिने शिवी दिली नाही. पाटी उचलली आणि म्हणाली, "चल."

दवाखान्याच्या बाकावर सात-आठ पेशंट होते. त्यांच्यासमोर तिने टेबलावर पाटी आदळली. डॉक्टरांच्या रुमालाला अत्तराचा वास येत होता. तो त्यांनी नाकाला लावला.

"डाक्टर, मना कसला रोग होता?"

"अगं बाई, तू बरी झालीस असंच लिहिलंय ना?"

"रोग नवताच तर बरी कशाची झाले? चला बाजारात, माजा हात धरा नि सांगा बायांना."

"मला पेशंट आहेत."

"बरं, मंग हितंच." तिने एक पापलेट उचललं, कल्ला उघडला आणि डॉक्टरांचं बोट धरायला हात पुढे केला. "हात लावा."

डॉक्टरांचे दोन्ही हात क्षणात पाठीमागे गेले. "खाली ठेव ते. कंपाउंडर घेईल."

बाकावरचा भिका म्हातारा खोकत हसला. "अवो डाक्टर, तुमीच बरा केल्याला हात हाय ना?"

डॉक्टर त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाजारात चर्चा आहे तर वाया घालवू नका. पुढचा लेख घ्या. चर्मरोग उलटू नये म्हणून काय काळजी घ्यावी. हिचंच उदाहरण द्या."

मी पालघरला जाऊन संपादकांना खुलासा छापायला सांगितलं. ते म्हणाले, "खुलासा कसला? हे सदर आता डॉक्टरांच्याच नावाने चालणार आहे."

हे जयवंतीला सांगितल्यावर तिने पाटीशेजारी गोणपाट टाकलं. "बस. लिवलं तू, वाचनार तू."

भर बाजारात मी माझा लेख वाचायला बसलो.

"'सात वर्षे जडलेला...'"

"किती वर्सं?"

"आठ दिवस."

"कसला रोग?"

"रोग नाही. शिंगाळ्याचा काटा."

"मंग हे काय हाय?"

"खोटं."

"मोठ्यानं."

"खोटं!"

लोक जमले. हसले. माझं ते आवडतं वाक्य आलं तेव्हा तर सोमीसुद्धा आपली पाटी सोडून ऐकायला आली. 'कोळी भगिनी' मी घाईघाईने उरकलं. जयवंतीने ते दोनदा म्हणायला लावलं.

तेवढ्यात गर्दीतून इंदुबाई पुढे आल्या. "मेल्यांनो, गरिबाच्या पोटावर असा पाय देतात होय?" म्हणाल्या आणि खाली बसल्या. जयवंतीने आनंदाने एक पापलेट निवडलं, कल्ला उघडला, सवयीने त्यांच्या बोटाकडे हात नेला.

इंदुबाईंचं बोट पदरात गेलं. दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "दे, यातच टाक."

जयवंतीने शेपटीला धरून मासा वरूनच पिशवीत सोडला. इंदुबाई गेल्या. ती बराच वेळ आपला तळवा लुगड्याला पुसत राहिली. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयल्यापासून वाच."