लहानूच्या हातातला शेला

लहानू गावित मूळचा सुरगाण्याकडचा. घरी भात आणि नागली. पिकं निघाली की पोटासाठी बाहेर पडायचं, हा तिकडचा रिवाज. असाच एका वर्षी जीपच्या टपावर बसून तो बायको ठमाबाईसह नाशिकला आला आणि मखमलाबाद रस्त्याला छायाताईंच्या फुलांच्या मळ्यात कामाला लागला. आला होता हंगामापुरता, तो राहूनच गेला. दरम्यान मळ्याच्या तिन्ही बाजूंनी आमची कॉलनी उभी राहिली. झेंडूचे आणि शेवंतीचे वाफे तेवढे मधे शिल्लक आहेत आणि त्यांच्या बांधावर लहानूची खोली आहे.

लहानू ठेंगणा, पायांनी किंचित फेंगडा, आणि कमी बोलणारा. त्याची एक सवय आहे. बोलताना तो काहीतरी धरतो. सायकलवर कोणी असेल तर हँडल, उभा असेल तर शर्टाची बाही. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटायचं. आता लहानू येताना दिसला की आम्ही आपोआप हात थोडा पुढे करतो.

ही सवय त्याला कुठून लागली, हे समजायला त्याच्या गावचा बोहाडा समजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात गावात हा उत्सव असतो. देवादैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर एकेक जण नाचत येतो. त्या नाचणाऱ्या रूपाला सोंग म्हणतात. लहानूच्या घराण्याकडे वेताळाचं सोंग आहे. त्यांच्याकडच्या मुखवट्यांचे डोळे नुसते रंगवलेले असतात. आतल्या माणसाला तोंडाच्या फटीतून फक्त स्वतःचे पाय दिसतात. म्हणून सोंगाच्या कमरेला शेला बांधतात आणि त्याचं टोक हातात घेऊन एक जण मागे चालतो. तो धरणारा. शेल्याला एक झटका दिला की थांबायचं, दोन दिले की वळायचं. आणि यात एक नियम आहे : यंदा ज्याला धरलं, त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्याला धरायचं. पाटील असो की सालगडी, नाचून नुसतं घरी जायचं नाही.

करोनाच्या वर्षी गावचा बोहाडा झाला नाही. लहानूला करमेना. मळ्यातली माती घेऊन त्याने साचा केला, त्यावर रद्दी कागद आणि चिंचोक्याची खळ थरावर थर चढवली आणि वेताळ तयार केला. तो वाळत ठेवलेला असताना आमच्या मंडळाच्या अध्यक्षाने, शेखरने, पाहिला. शेखरचं कॉलनीच्या तोंडाशी दुचाकींचं गॅरेज आहे, आणि नवं काही दिसलं की त्याला ते गणपतीत हवंच असतं. तेव्हापासून गणपतीत एका दिवशी, उन्हं कलली की, आमच्याकडे बोहाडा होतो. मंदिरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. संबळ वाजवायला लहानूचा मेहुणा येतो. आणि लहानूने नियमही सोबत आणला, अगदी गावी पाळतात तसा.

मुखवटे करायला त्याच्या हाताखाली निकिता असायची. निकिता ही छायाताईंची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. हार ओवण्यात तिचा हात आईपेक्षा जलद आहे. कागद चिकटवताना ती बोटांनी चेहरा पाहते. त्राटिकेच्या मुखवट्याच्या वेळी तिने नमुना म्हणून ठमाबाईंचा चेहरा चाचपला होता. मुखवटा पूर्ण झाल्यावर ठमाबाई म्हणाल्या, "राक्षसीन करायला माझंच नाक सापडलं का गं तुला?"

"तुमच्याइतकं मोठं दुसरं कोणाचं नव्हतं, मामी," निकिता म्हणाली.

ती त्राटिका तिला स्वतःला नाचायची होती. मंडळाच्या बैठकीत तिने तसं सांगितलं. शेखर लगेच तयार झाला. "नाचू दे की. लोकांना आवडेल. व्हिडिओ काढू." छायाताई मात्र घाबरल्या.

"ताई, मागच्या साली मी नाचलो. यंदा माझी धरायची पाळी हाय," लहानू म्हणाला. "मी धरतो तिला."

निकिता नाचली. उंच नव्हे, पण ठाम पावलं टाकत, मान अशी हिसडत की पुढे बसलेली लहान मुलं आयांच्या मागे लपली. टाळ्या पडल्या. बायकांनी ओवाळलं, शेखरने शाल-श्रीफळ दिलं. सगळे खूश होते. मुखवटा उतरवून, घामाने चिकटलेले केस मागे सारत निकिताने विचारलं, "पुढच्या वर्षी मी कोणाला धरायचं?"

ओवाळणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, बघू ना पुढचं पुढे," शेखर म्हणाला. "तू नाचलीस ना मस्त."

निकिताने मान लहानूच्या दिशेने वळवली. लहानूने खाली पाहिलं. त्यानेही हा विचार केलेला नव्हता. ती शाल निकिताने मंदिराच्या ओट्यावर ठेवली आणि आईचा हात धरून घरी गेली. शाल छायाताईंनी दुसऱ्या दिवशी येऊन नेली.

त्यानंतर निकिता मुखवट्यांच्या कामाला आली नाही. हार ओवायची, पण लहानूच्या खोलीकडे फिरकायची नाही. लहानू एकटाच कागद भिजवत बसायचा. एकदा मी देवाला शेवंती आणायला गेलो, तेव्हा ठमाबाई त्याला ऐकवत होत्या. "नाचायला नेली तवा लय कौतिक. धरायचं म्हनली तर तुमची मान खाली. गावात असं केलं असतं का कोनासंगं?"

लहानू मला म्हणाला, "साहेब, बाई खरं बोलती." आणि माझी पिशवी धरून बराच वेळ उभा राहिला.

पुढच्या वर्षीच्या बैठकीला तो छायाताई आणि निकिता यांना स्वतः घेऊन आला. आला आणि उभ्यानेच बोलला. "यंदा निकिता धरनार. ते नसंल तर सोंगं खोलीतून निघायची नायत."

"लहानू, असं अडून कसं चालेल?" शेखर म्हणाला. "कोणी पडलं तर? उद्या बोलणी मी खायची."

लहानू जवळ गेला आणि त्याने शेखरची बाही धरली. "भाऊ, पहिल्या साली तुम्ही वेताळ नाचलात तवा तुम्हाला काय दिसत होतं?"

"काय दिसणार? माझे बूट."

"मंग वळायचं कसं कळलं?"

"तू शेला ओढलास म्हणून. पण तुला दिसत होतं ना, लहानू. हिला दिसत नाही, मी काय खोटं बोलतोय का?"

लहानूने बाही सोडली. शेखरची शंका चुकीची होती असंही नाही.

"शेखरदादा," निकिता म्हणाली, "मंदिरात हार द्यायला मी रोज त्याच रस्त्याने जाते. तुमच्या गॅरेजसमोर ऑइल कुठे सांडलेलं असतं तेसुद्धा मला माहीत आहे. दोनदा घसरलेय. तिसऱ्यांदा नाही घसरले. पडेनच नाही असं मी म्हणत नाही. डोळे असलेले पडतात, तशी मीही पडेन."

"आणि वेताळ कोण नाचणार? आतला माणूस तयार पाहिजे ना."

"मी नाचतो," लहानू म्हणाला.

"तुम्ही नको, मामा. तुम्ही आतून मलाच सांभाळत बसाल."

लोक हसले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, तुम्हीच घाला. एवढी काळजी आहे तर." दुसऱ्याने री ओढली, "वजनाला पण तुम्हीच बरे. वेताळ भरल्यासारखा दिसेल." शेखरने आजूबाजूला पाहिलं. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "निकिता, झटका जरा हळू दे. मला कंबरदुखी आहे."

त्या दिवशी नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती. वेताळ मंदिरातून निघाला. मागे निकिता, हाताला शेल्याचे दोन वेढे दिलेले, मान थोडी तिरपी. टाकीपर्यंत सगळं नीट झालं. दोन झटके, वेताळ वळला, संबळाचा ताल चढला. परतताना मात्र घोटाळा झाला. गॅरेजसमोर, जिथे जाताना काही नव्हतं तिथे, एक मोटरसायकल उभी होती. वेताळ तालात पुढे झाला आणि गुडघ्यावर आदळला. मुखवटा हँडलवर आपटून ठणकन आवाज झाला. संबळ अडखळला.

सगळ्यांनी लहानूकडे पाहिलं. तो दोन-तीन हातांवर उभा होता. "लहानूदादा, धरा ना," छायाताई म्हणाल्या.

लहानू हलला नाही. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं. मी त्याच्या मागेच होतो. त्याची बोटं पांढरी पडली होती.

निकिताने शेला ताणून वेताळाला आधी उभं राहू दिलं. मग पाय पुढे करून टायर शोधलं, हाताने सीट चाचपली, गाडी कुठे संपते ते पाहिलं. एक पाऊल मागे, दोन झटके, आणि वेताळ गाडीला वळसा घालून बाहेर आला. "वाजवा की," ती म्हणाली. संबळ पुन्हा सुरू झाला. पुढचा रस्ता वेताळ जरा लंगडत नाचला. मुलांना तेच जास्त आवडलं.

मंदिरापाशी मुखवटा उतरला. शेखर लालबुंद झाला होता. "कोणी लावली होती रे ती गाडी मध्येच?"

"तुमच्याच गॅरेजात दुरुस्तीला आलेली हाय, भाऊ," ठमाबाई म्हणाल्या.

शेखर गुडघा चोळत खाली बसला. छायाताईंनी त्याला पाणी दिलं आणि निकिताला ओवाळलं. लहानूने वेताळाचं नाक तपासलं. टोकाला चेपलं होतं. "कागद लावून होईल," तो म्हणाला. मग निकिताजवळ जाऊन त्याने सवयीने शेल्याचं टोक धरलं. शेला दरवर्षी तोच धुतो, घडी घालतो आणि खोलीत ठेवतो.

निकिताने हातातले वेढे सोडले नाहीत.

"मामा, हा माझ्याकडे राहू दे. पुढच्या वर्षी धरायची पाळी शेखरदादाची. त्यांना शिकवावं लागेल."

लहानूने टोक सोडलं. रिकामा हात कुठे ठेवावा ते त्याला समजेना. शेवटी तो माझ्या बाहीवर आला.