टिप्याचा दाखला

बोटीच्या सहलीला जायचं तर कुत्र्याला दाखला लागतो, जावयाला लागत नाही. लागत असता तर मला त्या बोटीवर कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं आणि पुढचा सगळा प्रकार टळला असता.

कुत्रा माझ्या सासऱ्यांचा. सासरे, म्हणजे आप्पा, मूळचे खाडीकाठच्या गव्हाणचे. उभा जन्म मिठागरात गेला. साठी उलटल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हा माझी बायको सुमन त्यांना पनवेलला आमच्याकडे घेऊन आली. एकुलती एक लेक, दुसरा इलाज नव्हता. आप्पा आले, पण मनानं आले नाहीत. जावयाच्या घरी राहायचं या कल्पनेनंच ते अर्धे झाले होते. पहिले आठ दिवस त्यांनी आमच्याकडे चहासुद्धा पाहुण्यासारखा घेतला, अर्धा कप. एकदा मी हात धरून त्यांना जिना उतरवायला गेलो, तर मी खिसाच कापतोय अशा घाईनं त्यांनी हात सोडवून घेतला. "जावायबापू, तुमी नका," एवढंच म्हणाले. जावयाचे पाय धुवायचे असतात, त्याच्या हाताला लटकायचं नसतं, हा त्यांचा कायदा. सुमननं समजावून पाहिलं, मी रुसून पाहिलं, कायदा काही बदलला नाही.

हा तिढा टिप्यानं सोडवला. टिप्या म्हणजे आप्पांच्या मागोमाग गव्हाणहून आलेला गावठी कुत्रा. रंग कळकट, एक कान उभा, एक पडलेला. आप्पांनी त्याच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि रोज संध्याकाळी दोघं बाहेर पडू लागले. वडाळे तळ्याला एक फेरी, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा, मासळी बाजाराच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबायचं (हे टिप्यासाठी), आणि परत. ठरलेल्या वेळी निघायचे, ठरलेल्या वेळी यायचे.

सगळी आळी टिप्याचं कौतुक करायची आणि त्यात सर्वांत पुढे मी. काय ती शिस्त! नाकासमोरून मांजर गेलं तरी हा ढुंकून बघत नसे. बिस्किट फेकलं तर ते जमिनीवर पडेपर्यंत हलत नसे. पडलं की शांतपणे वास घेत घेत जाऊन उचलायचा. पोलिसांच्या कुत्र्यांनाही हे जमत नाही, असं मी ऑफिसात सांगायचो. (ऑफिसात मी माणसं पारखण्यासाठी प्रसिद्ध होतो.) खोट एकच होती. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला आणि केमिकलचा तो वास पसरला की टिप्या बिघडायचा आणि आप्पांना शेजारच्या बिल्डिंगमध्ये नेऊन उभं करायचा. त्याला मी टिप्याची हक्काची रजा म्हणायचो.

अशाच एका रजेच्या दिवशी त्यानं आप्पांना थेट हायवेवर नेलं. एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, खाली उतरला आणि दोघांना घरी आणून सोडलं. सुमननं आधी त्याला चहा दिला, मग रडून घेतलं आणि मग फर्मान काढलं: आजपासून आप्पांचं बाहेर जाणं बंद. आप्पा खिडकीशी खुर्ची घेऊन बसले, मांडीवर ती दोरी. दोन दिवस जेमतेम जेवले. मला मनापासून वाईट वाटलं. (थोडी भीतीही वाटली. आप्पा दिवसभर घरात असले की मी किती वाजता आलो, किती वेळ लोळलो, हे सगळं नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं आणि संध्याकाळपर्यंत सुमनला कळायचं.)

त्याच वर्षी माझी ऑफिसची प्रवास सवलत वाया चालली होती, आणि एका कंपनीनं मुंबईहून गोव्याला सहलीची बोट सुरू केल्याची जाहिरात मी पाहिली होती. जाहिरातीत 'क्रूझ' असा शब्द होता. क्रूझ म्हणजे काय, असं आप्पांनी विचारलं. मी सांगितलं, जिला पोचायची घाई नसते अशी बोट. "म्हंजे आपली उरनची यष्टी," आप्पा म्हणाले. दोन दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर तेवढंच हसू दिसलं, आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. माझ्या डोक्यात कल्पना आली की घरातले बाकीचे लोक काचेच्या वस्तू उचलून ठेवतात, पण त्या दिवशी सगळे बेसावध होते.

मी सुमनला म्हटलं, बोट ही टिप्याला अगदी नवी जागा. तिथं जर त्यानं आप्पांना नीट फिरवलं, तर मग पनवेल म्हणजे काय, किस झाड की पत्ती! सुमननं विचार केला आणि अट घातली. फिरवलं तर आप्पांना पहिल्यासारखी मोकळीक. नाही तर टिप्या गव्हाणला चुलत्यांकडे आणि आप्पा घरात, कायमचे. मी छाती ठोकून हो म्हणालो. आप्पांचा चेहरा तेव्हा एकदम उतरला होता, हे मला आज आठवतं.

बोटीच्या ऑफिसात म्हणाले, कुत्रा चालणार नाही. अंध माणसाचा शिकवलेला कुत्रा असेल आणि तसा दाखला असेल तरच. आता पनवेलमध्ये कुत्र्याला असा दाखला देणार कोण? पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. रबरी शिक्का माझ्याच कपाटात होता. माझ्याच शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून मजकूर बेतला: 'सदर कुत्रा अंध व्यक्तीस वाट दाखविण्याचे काम गेली दोन वर्षे करीत असून त्याची दृष्टी तीक्ष्ण व वर्तणूक चांगली आहे.' खाली माझी सही, त्यावर शिक्का. सुमननं पांढऱ्या कापडाचं जाकीट शिवलं, त्यावर लाल अक्षरांत 'मार्गदर्शक' लिहिलं. टिप्या इतका रुबाबदार दिसू लागला की मला माझ्याच दाखल्याचा अभिमान वाटायला लागला.

बोटीच्या शिडीशी पोचताच मार्गदर्शक खाली बसला. डिझेलचा वास, खारा वारा, भोंगा. तो काही केल्या उठेना. शेवटी मी त्याला कडेवर घेतलं. त्यानं मला चावून आपली नापसंती नोंदवली. डेकवर खाली ठेवला तर चार पावलं चालून एका खांबावर आपटला. दाखला तपासणारा अधिकारी बघत होता. मी म्हटलं, तो आधी खांब मजबूत आहे का ते बघतो. अधिकारी म्हणाला, "अच्छा." त्याच खांबावर टिप्या पुन्हा आपटला, तेव्हा तो काहीच म्हणाला नाही.

देवाची एवढीच कृपा की खाडीकाठी जन्मलेल्या माझ्या बायकोला बोट सुटायच्या आधीच बोट लागली. ती केबिनमध्ये लिंबू हुंगत आडवी झाली ती झालीच. तिकडे टिप्यानं आप्पांना दिवसभरात तीन वेळा भटारखान्यात नेलं, कारण तिथं मासे तळत होते. दोन वेळा एका नवविवाहित जोडप्याच्या केबिनमध्ये नेलं. (दुसऱ्यांदा आप्पांनी आत जाऊन चहा मागितला. त्यांना ती टपरी वाटली.) दर वेळी मी धावत जाऊन माफी मागत होतो. गोवा कधी आला आणि कधी गेला, मला माहीत नाही. फोटोंत मी सगळीकडे धावतानाच आहे.

परतीच्या दिवशी सकाळी, शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका बाईंनी मला बाजूला बोलावलं. अलिबागकडच्या, गुरांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी टिप्याच्या डोळ्यांसमोर बोट नाचवलं, छोटी बॅटरी मारली.

"तुमचा कुत्रा आंधळा आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्ष-दोन वर्षं तरी झाली असतील."

मी म्हटलं, शक्यच नाही, त्याच्याकडे दाखला आहे. त्यांनी दाखला मागितला, 'दृष्टी तीक्ष्ण' इथपर्यंत वाचला आणि हा दिला कुणी, असं विचारलं. मी म्हटलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनी.

"मग आधी त्या सेक्रेटरींचे डोळे तपासून घ्या," असं म्हणून त्यांनी दाखला परत केला.

मांजर, बिस्किट, तळोज्याचा वारा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. दोन वर्षं मी एका आंधळ्या माणसाला आंधळ्या कुत्र्याच्या हवाली करून ऑफिसात फुशारक्या मारत होतो! मी खरोखर हादरलो होतो. आता हे आप्पांना सांगायचं कसं? त्यांचा एकच आधार, तोही गेला म्हणायचं? अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून मी नुसता घसा खाकरत राहिलो.

"डाक्टरीनबाईनी सांगितला ना?" आप्पाच म्हणाले. "मना ठाव हाय. पनवेलला आलो तवाच त्याचे डोले गेले."

मी विचारलं, मग रोज तुम्हाला घेऊन कोण जायचं? आप्पांनी टिप्याच्या पडलेल्या कानावरून हात फिरवला.

"मोजलेली पावलं माझी, नाक त्याचा. दोगांचा मिलून एक मानूस होतो. तुमचा हात धरून फिरलो असतो त लोक बोलले असते, म्हातारा जावयावर पडला. कुत्र्यावर पडला त कोन बोलत नाय." मग म्हणाले, "सुमनला कलला त सगला संपला. तिला सांगू नका, जावायबापू."

आप्पांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. आता टिप्याला पास करणं मला भागच होतं.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी सुमन बरी झाली. हातात लिंबू घेऊन डेकवर आली आणि म्हणाली, चला, बघू दे टिप्याचं काम. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं आप्पांना एकट्यानं न्यायचं. मी म्हटलं, मी पुढच्या टोकाला थांबतो. तिथून तडक भटारखान्यात गेलो आणि एक तळलेला बोंबील मागून आणला. (तिथं आता माझी ओळख झाली होती.)

बेत साधा होता. सुमन मागे उभी. आप्पा अंगानं चांगले आडवे, त्यांच्याआड मी तिला दिसणार नाही. मी टिप्याच्या पुढे, बोंबील छातीशी धरून, त्याच्याकडे तोंड करून मागे मागे चालणार. आणि काय सांगू, टिप्या चालला! मान ताठ, शेपटी वर, एकाही खांबाला न धडकता. मागून आप्पा, साहेबासारखे. लोक खुर्च्या सरकवून वाट देऊ लागले. सुमनचा "अय्या!" मला ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा माझी एक कल्पना यशस्वी होत होती, आणि ते बघता बघता मी खालच्या डेकवर जाणाऱ्या जिन्यात पडलो.

सात पायऱ्या मोजल्या. आठवी मोजायच्या आत जमीन आली. डावा पाय अंगाखाली, बोंबील अजून मुठीत. वरून आप्पांचा आवाज आला, "जावायबापू?" मी नुसता कण्हलो. मग त्यांनी एका हातानं कठडा धरला आणि पायानं पायरी चाचपत, टिप्याला सांभाळत, ते सावकाश खाली उतरले. टिप्या नाक वर करून सरळ माझ्या छातीवर आला, बोंबील खाल्ला आणि मग माझं तोंड चाटलं.

सुमननं वरून वाकून पाहिलं तेव्हा दृश्य असं: मार्गदर्शक कुत्र्यानं अंध मालकाला जिना उतरवून जखमी जावयापर्यंत आणलेलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन रडली. टिप्याला तिनं पोटाशी धरलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळे असून तुम्हाला एवढा जिना दिसला नाही?"

तेवढ्यात आप्पांनी चाचपडत माझा दंड शोधला. "धरा," म्हणाले. "लाज कसली?" दोन वर्षांत पहिल्यांदा तो हात माझ्याकडे आला होता. मी धरला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनला वाटलं, पाय दुखतोय. पाय त्या डॉक्टरीणबाईंनीच बांधला. गुरांच्या पायांना त्या बांधायच्या तसा, जरा जास्तच घट्ट.

पनवेलला आल्यावर सुमननं नवीन फर्मान काढलं. आप्पा आणि टिप्या कुठंही जाऊ शकतात. मी एकट्यानं जायचं नाही. तेव्हापासून संध्याकाळी तिघं निघतो. पुढे टिप्या, मग आप्पा, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत मी. टपरीवर कोणी विचारलं, की जावई बरोबर कशाला, तर आप्पा सांगतात, "काय करनार, एकट्याला सोडवत नाय." तळोज्याचा वारा सुटला की मी तो खांदा हळूच हायवेपासून दूर वळवतो. आप्पा वळतात.

खरं तर पाय तीन आठवड्यांत बरा झाला होता. पण लंगडणं थांबवलं असतं तर आप्पांनी खांदा काढून घेतला असता, म्हणून मी लंगडत राहिलो. चार महिने कुणाला काही कळलं नाही. घरच्यांना नाही, डॉक्टरांना नाही, आळीतल्या एकाही डोळस माणसाला नाही. मग एके दिवशी तळ्याच्या वळणावर आप्पा हळूच म्हणाले, "जावायबापू, मुरगलला व्हता तो डावा. आज उजवा कसा लंगडतोय?"

खांदा त्यांनी काढला नाही. मी निमूटपणे पाय बदलला.