पाळीपत्रकातली रिकामी चौकट

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात, पाणी वापर संस्थेच्या खोलीत राजेश्वरी देवकाते डोळे मिटून बसली आहे. हातातला फोन यांत्रिक आवाजात तिनेच लिहिलेला मजकूर वाचून दाखवतो आहे. ती संस्थेची एकमेव कारकून. कालव्याला पाणी सुटले की चारीवरच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्यावरच्या, कोणत्या शेतकऱ्याची पाळी कधी, याचे पत्रक ती गावाच्या ग्रुपवर टाकते. टाकण्याआधी ऐकते.

ही सवय गेल्या हिवाळ्यापासूनची. त्याआधी पत्रकाचा फोटो जायचा. भीमा शिंगाडे यांना दहा वर्षांपासून दिसत नाही. दारं धरायला, म्हणजे बांध फोडून पाणी सरीत वळवायला, त्यांना कुणी लागत नाही. सरीत पाणी कुठवर आले ते अनवाणी पायांना कळते. पण आपली पाळी कधी, हे शेजाऱ्याला विचारावे लागे. तेच त्यांना नको होते. त्यांचा फोन मजकूर बोलून दाखवायचा, फोटो आला की गप्प. त्यांनी तसे सांगितल्यावर राजेश्वरीने संगणकावर तक्ता केला: एका रकान्यात नावे, दुसऱ्यात वेळा.

फोनने आधी सगळी नावे वाचली, मग सगळ्या वेळा. भीमांनी बोटांवर मोजले. आपले नाव सहावे, म्हणजे सहावी वेळ आपली. पण यादीत तिसरे असलेल्या हिंदुरावांनी पाळी सोडली होती आणि त्यांच्या वेळेची चौकट राजेश्वरीने रिकामी ठेवली होती. रिकामी चौकट फोन वाचत नाही. भीमांनी ऐकलेली सहावी वेळ सातव्या नावाची, ठमाबाईंची होती.

खऱ्या वेळेला भीमा घरीच राहिले आणि त्यांच्या वाट्याचे पाणी ओढ्याला गेले. नंतर ठमाबाईंच्या वेळेला ते फावडे घेऊन हजर झाले.

"कोण रं त्यो, माझ्या पाळीत दार फोडणारा?" ठमाबाई बांधावरून ओरडल्या.

"मी भीमा, काकू. फोन म्हणला, पाळी माझी हाय."

"मग फोनलाच सांग वांगी भिजवायला!"

घोटाळा कळल्यावर ठमाबाईंनी आपल्या पाळीतला एक तास भीमांना दिला. "घे. आन् त्या पोरीला म्हणावं, तक्ता चुलीत घाल."

राजेश्वरीने फोन पालथा घालून स्वतःचा तक्ता ऐकला. तिला घरच्या उसाची पाळीही सापडली नाही. तेव्हापासून प्रत्येकाची वेगळी ओळ आणि पूर्ण वाक्य: 'हिंदुराव या वेळी पाळी घेणार नाहीत.' रिकामे काही सोडायचे नाही. अध्यक्ष मोहनराव म्हणाले, "एका माणसापायी येवढा कुटाणा?" पण पुढच्या पाळीला ठमाबाईही फोन कानाला लावून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"आता नातवाच्या मागं लागावं लागत न्हाय," त्या म्हणाल्या.

भीमा दर पाळीनंतर वांगी आणून टेबलावर ठेवतात.

"तात्या, मला पगार मिळतो."

"त्यो संस्था देती. ही माझ्याकडनं. कुणाला इचारावं लागलं न्हाय मला."

राजेश्वरी त्यातली निम्मी ठमाबाईंकडे पोचवते. "तो तास त्यांनी दिला नसता तर माझ्या चौकटीपायी ही वांगी वाळली असती," ती सांगते.

सहावी ओळ तिने पुन्हा ऐकली आणि पत्रक पाठवले. उद्या मंगळवार. सकाळी सहा ते आठ भीमा शिंगाडे यांची पाळी. आठला ठमाबाईंची.