आडनावाचा रकाना

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर करुणाचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र आहे. दहा बाय दहाचा गाळा, दोन संगणक, आणि जीभ अशी तिखट की कचेरीतले शिपाईसुद्धा तिच्याशी बेतानं बोलतात. सरकारी साइटींवर तर तिचा दातच. बनवणारे पुण्यात एसीत बसलेले, त्यांना माणसं काय कळतात, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पोटामागं परमुलखातून आलेला माणूस भाड्याच्या खोलीत राहतो, अन् साइट त्याला वाडी-वस्ती अन् गट नंबर विचारते! काय डोंबल सांगणार तो?

मे महिन्यात इबानरी आली. मेघालयातली खासी बाई, इथल्या एका दवाखान्यात नर्स. नवरा हायवेवरच्या हॉटेलात आचारी. दोघांच्याही ड्युट्या अडनिड्या, त्यामुळं दहा-अकरा वर्षांची लेक दाफिशा खोलीत एकटी राहायची आणि आईचा जीव टांगणीला लागायचा. पोरीला बारामतीच्या वसतिगृहात जागा मिळाली की सुटलो, एवढंच तिचं मागणं होतं. करुणा म्हणाली, माझ्यावर सोड.

बापाचं आडनाव टाकल्याबरोबर साइटनं पोरीच्या नावापुढं तेच भरलं. इबानरी मोडक्या हिंदीत सांगू लागली, की आमच्यात लेकरं आईचं आडनाव लावतात, आधारवरही तसंच आहे. करुणाला हसू आलं. आईचं आडनाव म्हणे! असं कुठं असतंय का? या बाईला अर्जातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत तिनं आधारकडं ढुंकूनही न बघता बटण दाबलं.

मुदत उलटून गेली आणि मग निरोप आला. नाव आधारशी जुळत नाही, अर्ज बाद.

करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साइट बनवणाऱ्यांचा सुयोग नावाचा माणूस त्याच आठवड्यात केंद्रचालकांच्या बैठकीला आला होता, बाहेरून आलेल्यांसाठी साइट किती सोपी केलीय ते दाखवायला. पडद्यावर हात जोडलेली हसरी बाई, बारा भाषांची यादी, वर चहा-बिस्किटं. सोपी म्हणे! करुणा इबानरीला घेऊनच गेली, शेजारी बसवलं, आणि सगळ्यांदेखत तिनं सुयोगची सालटी काढली. तुमच्या अडाणी यंत्रापायी या पोरीची जागा गेली, म्हणाली.

सुयोगनं तोच अर्ज पडद्यावर उघडला. आडनावाच्या रकान्याखाली ठळक मराठीत लिहिलं होतं, पाल्याचे आडनाव वेगळे असल्यास येथे बदला.

"ताई, ही ओळ एप्रिलपासून आहे. तुम्ही पाहिली नव्हती का?"

पाहिली होती की. रोज पाहत होती. असल्या फालतू ओळी कोण वाचतंय म्हणून खाली सरकवत होती. अन् ही निघाली दुसऱ्यांना अडाणी म्हणायला! आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं. बाकीचे केंद्रचालक कपातला चहा न्याहाळत बसले.

इबानरीला मराठी येत नव्हतं. साहेब काय म्हणाले, असं तिनं हळूच विचारलं. करुणाला थाप मारता आली असती. पण ती म्हणाली, "साइट की नहीं, गलती मेरी है."

इबानरीनं करुणाच्या मांडीवरची कागदांची पिशवी उचलली आणि पुढं जाऊन सुयोगला विचारलं, दुसरी फेरी आहे का. रिकाम्या जागा उरल्या तर आहे, तो म्हणाला, ताईंकडूनच भरून घ्या.

"भरना है," इबानरी म्हणाली. "लेकिन इस दीदी से नहीं."